तुम्ही विचारलंत म्हणून: माणसाचं कसलं मॉडेल?

लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "पंपाचं मॉडेल समजतं हो, पण माणसाचं कसलं मॉडेल बनवता? माणूस काय सूत्रात बसतो?"

नाही बसत. माझ्या संगणकी मॉडेलने पकडायचं असतं एवढंच, की पॅनलवरच्या, म्हणजे नियंत्रण कक्षात स्क्रीनपुढे बसलेल्या ऑपरेटरला या घडीला प्लँटमध्ये काय चाललंय असं वाटतंय.

हे खूळ डोक्यात शिरलं एका रात्रपाळीत. पहाटेचे साडेतीन. टाकी भरत होती आणि स्क्रीनवर लेव्हल ६२ टक्के. मघाशीही ६२च. भरत्या टाकीचा आकडा हलत नाही, हे खटकायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं, चला, स्थिर आहे! मधे एक अलार्म वाजला. तो वाचायच्या आत बोट सवयीने ॲक्नॉलेजवर, म्हणजे 'अलार्म पाहिला' सांगणाऱ्या बटणावर गेलं. मग वॉकीटॉकीवर फील्डवाला ओरडला, "साहेब, टाकी वरून वाहतेय!" पाणीच होतं, म्हणून निभावलं. चौकशीत शेरा पडला, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. दुर्लक्ष कसलं, मी त्या आकड्याकडेच तर बघत होतो.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९च्या पहाटे असंच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. दाब सोडणारी झडप उघडीच अडकली. पॅनलवरचा दिवा विझला, म्हणून सगळ्यांनी ती मिटली असं धरलं; दिवा सांगत होता फक्त 'बंद हो'चा हुकूम गेल्याचं. झडपेपुढच्या नळीचं तापमान चढलेलं होतं, पण झडप आधीपासूनच गळकी, त्यामुळे त्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. प्रेशरायझरची (दाब राखणाऱ्या टाकीची) पातळी वर, म्हणजे पाणी जास्त झालं, असं समजून त्यांनी गाभा थंड ठेवणारं आणीबाणीचं पाणी कमी केलं. अणुभट्टीचा गाभा सुमारे निम्मा वितळला. गळती थांबवली दोन तासांहून अधिक वेळाने, तीही मागाहून आलेल्या माणसाच्या ताज्या नजरेमुळे.

डेन्मार्कच्या येन्स रासमुसेन यांनी १९८३मध्ये वागण्याचे तीन थर मांडले: हातवळणाचं, नियमाचं, विचाराचं. माझं बोट पहिल्या थरातलं, थ्री माइल आयलंडवाल्यांचं 'पाणी जास्त' दुसऱ्यातलं.

आमचं मॉडेल ऑपरेटरने कुठली स्क्रीन उघडली, कुठला अलार्म न वाचता दाबला, हे बघून त्याची समजूत ओळखायला बघतं आणि तिला खोटं पाडणारा एखादाच आकडा पुढे करतं. अवघड भाग म्हणजे गप्प कधी बसायचं. पहिल्या चाचणीत आम्ही ऐटीत स्क्रीनच्या मधोमध सूचना झळकवली, 'लेव्हल वीस मिनिटं हललेली नाही'. जुने पॅनलवाले काका वैतागले.

"अहो, हे आधी बाजूला घ्या. लेव्हलच दिसेना झालीय."