ताई, ती मशरूमची थेरपी तुमच्याकडे होते का?

भुसावळात समुपदेशनाचं काम सुरू करून मला एकोणीस वर्षं झाली. गेल्या तीन-चार वर्षांत एक प्रश्न सारखा येतो. विचारणारे बहुतेक रेल्वेच्या रनिंग स्टाफमधले, म्हणजे गाडीवर ड्यूटी करणारे, काही पोलीस, एक-दोघे 108 च्या गाडीवरचे डॉक्टर. मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिलेला असतो: परदेशातला निवृत्त सैनिक, डोळ्यांवर पट्टी, शेजारी दोन माणसं बसलेली, आणि नंतर तो सांगतो की कित्येक वर्षांनी मला झोप लागली. आमचं बोलणं संपतं, ते उठतात, चप्पल घालता घालता दारात थांबतात. "ताई, ती मशरूमची थेरपी तुमच्याकडे होते का? नसेल तर कुठे होते?"

दारात उभ्याने देण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून लिहून काढते आहे.

माझ्याकडे होत नाही. मशरूममधलं सायलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए ही तिन्ही द्रव्यं आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात येतात; विकणंच काय, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आणि मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. पण एवढं सांगून तुम्हाला परत पाठवणं मला पटत नाही, कारण हा प्रश्न मौजेखातर कुणी विचारत नाही.

मला हे पहिल्यांदा विचारलं ते अमळनेरकडच्या एका लोको पायलटांनी. त्यांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. पहाटे साडेचारला पाचोऱ्याच्या अलीकडे एक तरुण रुळांच्या मधोमध येऊन उभा राहिला. यांनी हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. भरधाव गाडी त्यानंतरही किलोमीटरभर जाते हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, म्हणजे आता आपल्या हातात काही नाही हेही त्याला त्याच क्षणी कळतं. रेल्वेत याला एमआरओ म्हणतात, मॅन रन ओव्हर. गाडी थांबवायची, कळवायचं, पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा आणि गाडी पुढे काढायची. त्यांनी ती भुसावळपर्यंत आणली, साइन ऑफ केलं, घरी येऊन आंघोळ केली. "तो मन्हाकडेच देखी राह्यना व्हता, ताई," असं ते मला म्हणाले तेव्हा आठ महिने उलटले होते. आठ महिने कुणाला एक शब्द नाही. बायकोची समजूत अशी की नाइट ड्यूटीमुळे चिडचिड वाढली आहे.

न बोलण्याचं कारण साधं होतं. लोको पायलटला ए-वन, म्हणजे रेल्वेतलं सगळ्यात कडक मेडिकल लागतं. डोक्याच्या डॉक्टरकडे गेल्याचं ऑफिसला कळलं तर गाडीवरून उतरवतील, ही भीती. पोलिसांना बदलीची भीती, नर्सला "हिला झेपत नाही" या शेऱ्याची. 22 जानेवारी 2025 ला आपल्याच जिल्ह्यात, परधाड्याजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसने उडवलं, तेव्हा राज्यभर मृतांचा आकडा वाचला गेला. माझ्या डोळ्यांपुढून मात्र मदतीला धावलेले गावकरी, पंचनामा करणारे हवालदार, ॲम्ब्युलन्सवाले आणि दोन्ही इंजिनांच्या केबिनमधली माणसं हलत नव्हती. त्यांचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

आता त्या थेरपीबद्दल. व्हिडिओत जे दिसत नाही ते मला तुम्हाला दाखवायचं आहे. मनावरच्या आघातावर, मशरूम नव्हे तर वर सांगितलेलं एमडीएमए वापरून, मुख्यतः अमेरिकेत ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांची मांडणी अशी: औषधाआधी तयारीच्या तीन बैठका, दीड-दीड तासाच्या. मग महिनाभराच्या अंतराने औषधाचे तीन दिवस, प्रत्येक आठ तासांचा, दोन थेरपिस्ट सबंध वेळ शेजारी. आणि त्या प्रत्येक दिवसानंतर पुन्हा तीन बैठका, वर आलेलं नीट लावून ठेवायला. हिशेब करा. औषधाचे दिवस तीन. नुसत्या बोलण्याच्या बैठका बारा.

2021 साली पहिल्या चाचणीचे आकडे आले. औषध मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोक शेवटी आघाताच्या आजाराच्या निदानात बसत नव्हते. हा आकडा सगळीकडे फिरला. पण ज्यांना रिकामी गोळी आणि तेवढीच थेरपी मिळाली, त्यांच्यातलेही 32 टक्के त्यातून बाहेर आले होते. 2023 च्या दुसऱ्या चाचणीत हेच आकडे 71 आणि 48 टक्के असे होते. औषधाने फरक पडतो, हे मी नाकारत नाही. आठवण समोर असते पण भीती अंगावर धावून येत नाही, त्यामुळे माणूस तिच्याकडे बघू शकतो. तरीही त्या दुसऱ्या आकड्यापाशी मी फार वेळ थांबले. रिकामी गोळी, आणि कुणीतरी तयारी करून घेतली, दिवसभर शेजारी बसलं, नंतरही सोडून गेलं नाही. तेवढ्यावर जवळजवळ निम्मी माणसं!

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपचाराला मंजुरी नाकारली. कुणाला खरं औषध मिळालं हे सहभागींना सहज ओळखू येत होतं, त्यामुळे आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा हा एक प्रश्न होता. आधीच्या एका चाचणीत थेरपिस्टकडूनच रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन झालं होतं, तेही चर्चेत आलं. या दुसऱ्या गोष्टीकडे मी तुमचं मुद्दाम लक्ष वेधते. या औषधांच्या अमलाखाली माणूस विलक्षण उघडा होतो आणि समोरच्यावर सहज विश्वास टाकतो. त्या वेळी खोलीत कोण आहे यावर सगळं ठरतं. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून परवानगी दिली, पण ठरावीक अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांनाच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मशरूमच्या सायलोसायबिनसाठी परवानाधारक केंद्रं आहेत. तिथे एका सत्राला हजार डॉलरच्या वर सहज जातात.

मेक्सिकोच्या डोंगरात माझातेक लोकांची मारिया साबिना हे मशरूम आजाऱ्याच्या भल्यासाठी, रात्रभर गाणी म्हणत, आपल्या माणसांमध्ये बसून देत असे. 1955 साली गॉर्डन वॉसन नावाचे अमेरिकन गृहस्थ त्या रात्री बसले, 1957 ला त्यांनी मासिकात लिहिलं, आणि गावात बाहेरच्यांची रीघ लागली. गावाचा राग तिच्यावर निघाला, तिचं घर जाळलं गेलं. मशरूम लोकांनी उचलून नेलं. ते रात्रभर शेजारी बसणं कुणी नेलं नाही.

म्हणून इंटरनेटवर पुड्या मागवू नका, हे मी हात जोडून सांगते. पुडीत काय आहे ते कळत नाही. घरात कुणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर या द्रव्यांनी तो आजार उफाळू शकतो. नैराश्याच्या चालू गोळ्यांशी, लिथियमशी त्यांचा धोकादायक मेळ बसतो. आणि सातपुड्यातली जडीबुटी म्हणून कुणी धोतरा दिला, तर तो याच्यातला नव्हेच. ते विष आहे, त्याने माणूस भ्रमिष्ट होतो आणि मरतोही. कायद्यात बसणारं एक औषध आहे, भुलीसाठी वापरतात ते केटामाइन. मोठ्या शहरांतले काही मानसोपचारतज्ज्ञ हट्टी नैराश्यावर ते रुग्णालयातच, नाडी-रक्तदाबावर लक्ष ठेवून देतात. त्याची चौकशी डॉक्टरांकडेच करा.

आणि इथे काय आहे, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी एका निवृत्त ड्रायव्हर काकांसोबत आम्ही बसायला सुरुवात केली. त्यांच्या नोकरीत अकरा एमआरओ झाले होते. रविवार ठरवून उपयोग नव्हता, प्रत्येकाची लिंक, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, वेगळी. ज्याला रेस्ट असेल तो येतो. हिवाळ्यात काकांच्या शेतात भरीत असतं. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडजीत ठेचायची. हात कामात असले की पुरुष माणूस बोलतो, हे मी तिथे शिकले. दारू नाही. नाव बाहेर जात नाही. पहिल्या भेटीत खोदून काही विचारायचं नाही, कारण आघातानंतर लगेच बळजबरीने बोलायला लावल्याने फायदा होत नाही, कधी नुकसानच होतं. काका सल्ला देत नाहीत. "माझा तिसरा, नांदगावला," एवढंच म्हणतात आणि वांगं सोलत राहतात.

त्यातून जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला काही जण तयार होतात. आघातावर ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आठवण हाताळणं) आणि आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार) या पद्धती आहेत, जागतिक आरोग्य संघटना त्यांची शिफारस करते, कायद्याची आडकाठी नाही. जीव देण्याचे विचार येत असतील तर मात्र गटाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर, आणि टेलिमानसचा 14416 रात्रीही चालू असतो.

सगळे बरे झाले असं मी म्हणणार नाही. एक जण दोनदा येऊन पुन्हा दारूकडे गेला. त्याच्या बायकोला मी अजून फोन करते. पुढेमागे आपल्याकडे कायदा बदलला तर ही औषधं मला रिसॉर्टमध्ये नको आहेत. जिल्हा रुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आधी आणि नंतर असं बसणारी माणसं असतील तिथेच ती यावीत. ती माणसं तयार करायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

अमळनेरकडचे ते लोको पायलट गेल्या माघात भरताला आले होते. त्याच सेक्शनला पुन्हा गाडी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या विनंतीवरून सीएलआय साहेब, म्हणजे लोको पायलटांवर देखरेख करणारे चीफ लोको इन्स्पेक्टर, केबिनमध्ये होते. "ती जागा ऊनी ना, मी हॉर्न दिधा," ते म्हणाले, "आनि साहेबले सांगं, आते मन्हासंगे बोलत ऱ्हा." साहेब चाळीसगाव येईपर्यंत आपल्या मुलीच्या लग्नाचं बोलत राहिले.