करमळीच्या तळ्यावर

भिगवणला वाढलेल्या पोरीला पक्ष्यांचं कसलं अप्रूप, असं घरी सगळ्यांना वाटतं. उजनीच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, पुण्याची मंडळी होडीत बसून बघतात आणि आपण आपल्या कामाला लागतो. खरं सांगते, दुर्बीण मी पहिल्यांदा डोळ्याला लावली ती इथे गोव्यात.

डिसेंबरातल्या रविवारी आम्ही चौदाजण सकाळी साडेसहाला करमळी स्टेशनाबाहेर जमलो. तळं तिथून जवळच. धुकं इतकं होतं की आधी नुसत्या शिट्या ऐकू आल्या. अडई, शिट्या घालणारी बदकं! धुकं विरलं तसा पाण्यावरचा तपकिरी पट्टा हलायला लागला, तेव्हा कळलं की तो सगळा त्यांचाच थवा आहे. मधूनमधून तलवार बदकं, हिमालय ओलांडून आलेली. डोकं पाण्यात आणि टोकदार शेपटी वर.

मी मात्र अडकले जांभळ्या पाणकोंबडीपाशी. काठापासून दहा पावलांवर होती. तिने चोचीने एक देठ उपटला, लालसर लांब बोटांत घट्ट धरला आणि एका पायावर उभी राहून पोपटासारखा सोलत आतला पांढरा गाभा खाल्ला. मग दुसरा देठ. बाकीचे पुढे गेले तरी माझा पाय निघेना. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली, तिने मानही वर केली नाही.

"सुकणीं पळोवंक आयल्यात?" बांधावरून येणाऱ्या आजोबांनी विचारलं. पक्ष्यांना इथे सुकणीं म्हणतात. मग तेच सांगत बसले. तळ्यात पावसाचं पाणी धरायचं आणि त्यावर वायंगण करायचं, म्हणजे हिवाळ्यातला भात. मला तळं म्हणजे निसर्गाचं देणं वाटत होतं. हे तर पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं शेताचं पाणी निघालं. कुडचड्याचं नंदा तळंही तसंच. 42 हेक्टरचं ते तळं 2022 साली गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आणि त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाला आजही भात पिकतो.

परतताना भाटीच्या तळ्यावरही थांबलो, पण ऊन चढलं होतं. एक मुग्धबलाक करकोचा तेवढा गोगलगायी टिपत होता.

दादा, आता रोहित आले असतील ना? संक्रांतीला येते तेव्हा आपण दोघं पहाटे पाण्यावर जाऊ. दुर्बीण मी आणते.