बिशपने सम्राटाला दारात अडवलं का?

उशिराच्या रोमन साम्राज्याबद्दल कुठे बोलायला गेले की प्रश्नोत्तरांत हा प्रश्न येतोच: मिलानच्या अँब्रोझ नावाच्या बिशपने थिओडोसियस सम्राटाला चर्चच्या दारातून परत पाठवलं, हे खरं का? विचारणाऱ्याने बहुधा रूबेन्सचं किंवा व्हॅन डाइकचं चित्र पाहिलेलं असतं. पायरीवर हात पुढे केलेला म्हातारा बिशप, समोर चिलखतातला सम्राट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या कत्तलीबद्दल सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतलं, हे खरं. दारातलं नाट्य मात्र अँब्रोझच्या स्वतःच्या लिखाणात कुठेच नाही. ते थिओडोरेट या इतिहासकाराने रंगवलं, तेही अर्ध्या शतकानंतर. खरी हकिकत यापेक्षा शांत आहे आणि माझ्या मते जास्त चलाख.

ती समजायला अँब्रोझ कोण हे आधी पाहावं लागतं. इ. स. 374 मध्ये तो बिशप झाला तेव्हा त्याचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. तो त्या प्रांताचा राज्यपाल होता. नव्या बिशपच्या निवडीवरून दोन पंथांत दंगल होईल म्हणून बंदोबस्ताला चर्चमध्ये गेला आणि लोकांनी त्यालाच निवडलं. आठवडाभरात बाप्तिस्मा आणि दीक्षा दोन्ही उरकलं. धर्मगुरू म्हणून नवखा, पण दरबाराची नाडी ओळखणारा. फर्मान कोण लिहितं, ते कुठे अडतं, कोणाचा राग नुसता आवाज चढवण्यापुरता असतो आणि कोणाच्या रागाने मुंडकी उडतात, हे त्याला ठाऊक होतं.

दरबार तेव्हा रोमला नव्हे, मिलानला असे. 383 मध्ये ग्रेशियन सम्राट मारला गेला आणि त्याचा धाकटा सावत्र भाऊ दुसरा व्हॅलेंटिनियन हा बारा वर्षांचा पोरगा इटलीचा धनी उरला. खरा कारभार आई जस्टिना आणि सरदारांच्या हातात. पुढच्याच वर्षी रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने अर्ज केला, की सीनेटच्या सभागृहातून ग्रेशियनने हलवलेली विजयादेवीची वेदी परत बसवावी. अर्जात त्याने लिहिलं, की एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. ते वाक्य आजही ऐकायला सुरेख वाटतं. अँब्रोझने पोराला लिहिलं, की वेदी परत आणलीस तर चर्चमध्ये ये खुशाल, पण तिथे तुला पुरोहित भेटणार नाही, किंवा भेटला तर विरोध करणारा भेटेल. अर्ज नामंजूर झाला.

खरी झुंज त्यानंतरची. जस्टिना एरियन गटातली होती (आर्यांशी संबंध नाही, एरियस या धर्मगुरूवरून पडलेलं नाव; हा गट येशूला देवपित्याच्या बरोबरीचा मानत नसे, अँब्रोझचा पंथ मानत असे). दरबारातले कितीतरी गॉथ शिपाईही त्याच गटातले. त्यांना उपासनेसाठी शहरातलं एक चर्च हवं होतं. मागणी तशी अवाजवी नव्हती. जानेवारी 386 मध्ये त्यांच्या सभांना मोकळीक देणारा कायदा निघाला. तो लिहायला नकार देऊन बेनेव्होलस नावाच्या अधिकाऱ्याने नोकरीवर पाणी सोडलं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सैन्याने बॅसिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चला, वेढा घातला. व्यापाऱ्यांच्या संघाला दोनशे पौंड सोन्याचा दंड ठोठावला आणि तीन दिवसांची मुदत दिली. म्हणजे राजवाड्याचा नेम शहराच्या पैशांच्या पिशवीवर होता. व्यापारी म्हणाले, दुप्पट मागा, पण आमच्या श्रद्धेला हात लावू नका.

अँब्रोझ आत लोकांबरोबर बसून राहिला. मंडळी कंटाळून उठून जाऊ नयेत म्हणून त्याने पूर्वेकडच्या चर्चांसारखी स्तोत्रं सगळ्यांकडून एकत्र गाऊन घेतली. त्या गर्दीत मोनिका नावाची एक बाई होती. तिचा मुलगा ऑगस्टिन तेव्हा मिलानमध्येच होता, अजून बाप्तिस्मा न घेतलेला. त्या जागरणाची आठवण त्यानेच पुढे लिहून ठेवली. वेढा घालणारे शिपाईच प्रार्थनेला आत येऊ लागले, तेव्हा डाव उलटला. कॅलिगोनस या खोजा कारभाऱ्याने निरोप धाडला, की मी जिवंत असताना तू सम्राटाचा अपमान करतोस? तुझं डोकं उडवीन. उत्तर आलं: उडव. मी बिशपला शोभेलसं सोसेन, तू खोजाला शोभेलसं वागशील. हे उत्तर कुत्सितच होतं, संतपणाचं नव्हे. शेवटी सैन्य मागे घेतलं गेलं. तो पोरगा सम्राट आपल्या अधिकाऱ्यांवर करवादला, की अँब्रोझने सांगितलं तर तुम्ही मलाच साखळदंडात बांधून त्याच्या हवाली कराल.

अँब्रोझच्या अंगाला जस्टिनाने हात का लावला नाही, याचं उत्तर आल्प्सच्या पलीकडे सापडतं. ग्रेशियनला मारून गादी बळकावलेला मॅक्सिमस तिकडे टपून बसला होता आणि तो अँब्रोझच्याच पंथाचा होता. मिलानमध्ये बिशपचं रक्त सांडलं असतं तर त्याला इटलीवर चालून यायला आयतं निमित्त मिळालं असतं. पुढच्या वर्षी तो आलाच. जस्टिना मुलाला घेऊन थेस्सलनीकाला पळाली. 388 मध्ये साम्राज्याच्या पूर्व भागाचा सम्राट थिओडोसियस याने मॅक्सिमसला संपवलं आणि तो स्वतः मिलानला येऊन राहिला. आता समोर पोरगा नव्हता, लढाया जिंकलेला सम्राट होता.

इथे मी ऐकणाऱ्यांना जरा थांबवते, कारण हा भाग सहसा कोणी विचारत नाही. युफ्रेटिसकाठच्या कलिनिकम गावात, तिथल्याच बिशपच्या चिथावणीने, ख्रिस्ती जमावाने ज्यूंचं प्रार्थनागृह जाळलं. थिओडोसियसचा हुकूम सरळ न्यायाचा होता: बिशपने स्वखर्चाने ते पुन्हा बांधून द्यावं. अँब्रोझने विरोधात पत्र लिहिलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा भर चर्चमध्ये सम्राटासमोर प्रवचनातून विषय काढला आणि खटला सोडून देण्याचं वचन मिळेपर्यंत वेदीकडे जायला नकार दिला. सम्राटाने वचन दिलं. जाळणारे सुटले. थेस्सलनीकासाठी अँब्रोझला डोक्यावर घेणाऱ्यांनी कलिनिकमही त्याच्याच खात्यावर मांडावं; दोन्हीकडे हत्यार एकच होतं.

आता थेस्सलनीका. 390 मध्ये तिथल्या लोकांच्या आवडत्या सारथ्याला बुथेरिक या सेनाधिकाऱ्याने तुरुंगात टाकलं आणि जमावाने त्या अधिकाऱ्यालाच ठार केलं. सूड म्हणून सैन्याने शहरात कत्तल केली. थिओडोरेट सात हजारांचा आकडा देतो. मी त्यावर फार विसंबत नाही. अँब्रोझ काय करतो? आजारपणाचं कारण सांगून, सम्राट मिलानला पोचायच्या आत गाव सोडतो. मग स्वतःच्या हाताने पत्र लिहितो, फक्त तुम्ही वाचावं म्हणून, असं सांगून. तुम्ही हजर असलात तर मला वेदीवरचा अर्पणविधी करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण पाठोपाठ बायबलमधल्या डेव्हिड राजाचं उदाहरणही आहे: पाप केलं, कबूल केलं, आणि राजा राहिला. धमकीच्या शेजारी सुटकेची वाट ठेवलेली आहे.

थिओडोसियसने ती वाट धरली, याला श्रद्धेखेरीज एक साधं कारण होतं. कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा मृत्युशय्येवर घेतला. तोवर त्याच्यावर चर्चची शिस्त लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. थिओडोसियसने मात्र 380 मध्ये मोठ्या आजारात बाप्तिस्मा घेतला आणि मग तो बरा झाला. म्हणजे इतर ख्रिस्ती माणसांना लागणारे नियम त्यालाही लागले. तो बाप्तिस्मा झाला होता थेस्सलनीकातच. शिवाय कत्तलीचा डाग धुवायला दरबाराला काहीतरी हवंच होतं, आणि प्रायश्चित्ताइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. राजचिन्हं उतरवून सम्राट लोकांसमोर रडला आणि 390 च्या नाताळात त्याला पुन्हा आत घेतलं गेलं.

अँब्रोझची पत्रं पुढे दहा पुस्तकांच्या संग्रहात आली. कलिनिकमचं पत्र त्यात आहे, आणि त्याच्या शेवटी एक वाक्य वाढवलेलं आहे: मी राजवाड्यात ऐकलं जावं असा आदराने प्रयत्न केला, म्हणजे चर्चमध्ये ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ नये. थेस्सलनीकाचं पत्र त्या संग्रहात नाही. ते वेगळ्या वाटेने आपल्यापर्यंत आलं.