टर्नर्स गॅप ते ॲनापोलिस रॉक्स: ॲपलाचियन ट्रेलवर एक दिवस, एक रात्र

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली साउथ माउंटन ही रांग उंचीत सह्याद्रीच्या जवळपासही जात नाही, पण धारेवरून चालण्याचं सुख तेच. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ॲपलाचियन ट्रेल इथे याच धारेवर चढते. पूर्ण वाट साधारण ३,५०० किलोमीटर, त्यातले जेमतेम ६५ मेरीलँडच्या वाट्याचे. आम्हा नवराबायकोला त्यातला बाराएक किलोमीटरचा टप्पा करायचा होता, सप्टेंबरच्या मध्यात, रात्री मुक्काम करून.

आमची गाडी रूट ४०च्या पार्किंगमध्ये ठेवली आणि मैत्रिणीनं आम्हाला टर्नर्स गॅपला सोडलं. ही खिंड. १४ सप्टेंबर १८६२ला अमेरिकेच्या यादवी युद्धात हिच्यासाठी आणि शेजारच्या दोन खिंडींसाठी लढाई झाली, आणि तीनच दिवसांनी पश्चिमेला अँटिटमच्या लढाईतला संहार. खिंड कुणाच्या हातात यावर मुलूख कुणाचा हे ठरतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तासाभरात जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्मारकाचा बुटका दगडी बुरूज आला. बून्सबरोच्या गावकऱ्यांनी १८२७च्या ४ जुलैला एकत्र येऊन तो रचायला घेतला होता. पुढे पडझड झाली, सध्याचा बुरूज १९३०च्या दशकातल्या पुनर्बांधणीचा. पण मला तिथे अडकवलं ते आकाशानं. या दिवसांत शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि ते मोजायला माणसं दुर्बिणी घेऊन इथे बसतात. तापलेल्या हवेच्या झोतावर गोल गोल वर चढायचं आणि मग पंख न हलवता सरळ घसरत जायचं! नवऱ्यानं दोनदा "चल गं आता" म्हटलं, आणि मग स्वतःच मान वर करून बसला.

पुढची वाट ओकच्या जंगलातून. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं, डोळे उघडे ठेवा. हे पट्टे रंगवायला, पडलेली झाडं कापायला, पाणी वाहून जायला चर काढायला कोण येतं? बहुतेक स्वयंसेवक. या भागाचं काम पोटोमॅक ॲपलाचियन ट्रेल क्लबकडे आहे, १९२७पासूनचा क्लब. सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन डोंगरात जाणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे गडांवर टाकी साफ करणारी पोरं त्याच जातीची.

आय-७० महामार्ग ट्रेल पादचारी पुलावरून ओलांडते. खाली ट्रक धडधडत होते आणि समोरून एक मुलगी आली, धुळीनं माखलेली, हसरी. जूनमध्ये कटाडिनहून निघालेली, अठराशे किलोमीटर चालून आलेली! आम्ही तिला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तिनं पुलावरच उभ्यानं खाल्ली.

रूट ४० नंतरचा चढ दमवतो. मग निळ्या पट्ट्यांची फाटवाट डावीकडे वळते आणि ॲनापोलिस रॉक्सचा कातळकडा उघडतो: क्वार्ट्‌झाइटचा खडक, खाली ग्रीनब्रायर तलाव, पलीकडे पार क्षितिजापर्यंत पसरलेलं खोरं. कड्यावर तंबू लावायचा नाही, शेकोटी कुठेच नाही. मुक्कामाच्या जागा आत झाडीत आखून दिलेल्या आहेत. मला हा नियम मनापासून पटतो. त्यामुळेच एवढी वर्दळ असून कड्याजवळची झाडं आणि गवत टिकून आहे.

स्टोव्हवर मुगाची खिचडी शिजवली, तूप सोबत होतंच. जेवून खाण्याचं सगळं सामान, टूथपेस्टसुद्धा, अस्वलांच्या भीतीनं तंबूपासून लांब ठेवलं. झोपण्याआधी एकमेकांचे पाय आणि मान बॅटरीच्या उजेडात तपासली, कारण इथल्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो. रात्रभर रातकिड्यांचा गजर आणि तंबूच्या कापडावर टपटपणारी ओकची फळं. झोप तुकड्यातुकड्यांत लागली, तरी सकाळी दोघंही ताजे होतो.

इथे आरक्षण नसतं, आधी येईल त्याला जागा. तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत पोचा. रूट ४०चं पार्किंग त्याच्याही आधी भरतं. जवळ झरा आहे, पण उन्हाळ्याअखेरीस धार बारीक होते, म्हणून संध्याकाळपुरतं पाणी खालूनच न्या आणि झऱ्याचं पाणी गाळून घ्या.