हटारी : माळावरचं जंगल

सोलापूर, मे. दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. सुट्टीतल्या पोरांना घरात बसवायला असा सिनेमा बरा.

‘हटारी’ला जंगलपट म्हणतात खरं, पण दाट झाडी त्यात जवळजवळ नाहीच. वाळकं गवत, मधूनच छत्रीसारखी पसरलेली बाभूळ, आणि धुरळा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांचा कळप पळताना पाहिलेल्या पोराला हा मुलूख परका वाटत नाही. फक्त इथं पळणारा असतो गेंडा, आणि तो मधेच उलटा फिरतो.

१९६२चा सिनेमा, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, नायक जॉन वेन. लांबी १५७ मिनिटं. चित्रीकरण तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, आरुशा गावाच्या आसपास. स्वाहिलीत हटारी म्हणजे धोका. गोष्ट तशी पातळच : प्राणीसंग्रहालयांसाठी जनावरं जिवंत पकडणारी टोळी. मधली प्रेमप्रकरणं रेंगाळतात. तेवढ्यात पोरं पाणी पिऊन येतात.

पोरं खिळतात ती कामाला. ट्रकच्या पुढच्या मडगार्डवर बसवलेली खुर्ची, तिच्यात माणूस, हातात लांब काठी, टोकाला दोराचा फास. ड्रायव्हरनं गाडी जनावराच्या बरोबरीनं ठेवायची. दुसरी गाडी पलीकडून त्याला वळवत राहते. फास मानेत पडला की काठी मोकळी, दोर गाडीला बांधलेलाच. खरी कसोटी पुढं. कचकन ब्रेक मारला तर मानेला हिसका बसतो. वेग कमी करायला उशीर झाला तर जनावर आडवं वळून गाडीच्या कुशीत शिंग घालतं. म्हणून वेग बेताबेतानं उतरवायचा, मग बाकीच्यांनी उड्या टाकून पाय बांधायचे आणि शेवटी पिंजरा.

हे सगळं नटांनी स्वतः केलं, असं हॉक्स सांगायचा. गेंडा पकडल्यावर निसटतो आणि पुन्हा पकडावा लागतो, तो प्रसंग पटकथेतला नव्हता. गेंडा खरंच सुटला, आणि हॉक्सनं ते चित्रण ठेवून दिलं. झटापटीत वेनच्या तोंडून इतक्या शिव्या गेल्या की बराचसा आवाज नंतर डबिंगला भरावा लागला. पोरांना खोटं लगेच कळतं. इथं दोर ताणला की त्यांच्याही मुठी वळतात.

आज कुणी असं पकडत नाही. लांब पाठलागात जनावराचं अंग तापतं, रक्तात आम्ल साठतं, स्नायू फुटायला लागतात; पकडताना धडधाकट दिसलेलं हरीण पुढं काही तासांत, कधी काही दिवसांनी मरतं. भुलीचे डार्ट आले ते या कारणानंही. पोरांना हे सिनेमा झाल्यावर सांगावं, मधे नाही.

दोन बैठकांत दाखवला तर बरं. अगदी सुरुवातीलाच गेंडा एका माणसाच्या पायात शिंग घालतो. पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर शेजारी बसा.

आणि हत्तीची तीन पिल्लं. त्यांना पाण्यावर नेतानाची हेन्री मॅन्सिनीची धून सिनेमापेक्षा लांब पोचली. तिच्यात कॅलिओपी वाजतं, सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या पाळण्याशेजारी शोभेल असं शिट्ट्यांचं वाद्य, आणि त्यावर क्लॅरिनेट. वरातीच्या बँडमधलंच ते क्लॅरिनेट, फक्त इथं जरा डुलत, पोट सांभाळत चालतं.