सहा महिन्यांनी शिक्का मारून आलं की झालं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच आई-वडिलांना अमेरिकन नागरिक झालेल्या मुलांनी ग्रीन कार्ड काढून दिलंय. कार्ड दहा वर्षांचं, पण घर टिळकवाडीत, ऊस खानापूरकडे आणि औषधं नेहमीच्या डॉक्टरांची. अशा घरांत एकच सल्ला फिरतो: दर सहा महिन्यांनी तिकडे पंधरा दिवस जाऊन यायचं, शिक्का पडला की कार्ड शाबूत. हा सल्ला अर्धवट आहे.

कायद्याच्या लेखी कार्डधारकाचं कायमचं घर अमेरिकेत असतं आणि भारतात तो थोड्या दिवसांसाठी आलेला असतो. विमानतळावरचा अधिकारी तेच चाचपतो. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तुमची तपासणी होऊ शकते. १५ ऑक्टोबरला तिथून निघालेल्याचा १८० वा दिवस १३ एप्रिलला येतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई आणि मग पुढचं विमान असा प्रवास असेल तर शेवटचा आठवडा हाताशी ठेवा. पण १८० च्या आत परतलात म्हणून सुटलात असंही नाही. वर्षानुवर्षं अकरा महिने इथे आणि महिनाभर तिथे असा हिशोब दिसला, की 'तुम्ही राहता कुठे?' हा प्रश्न येणारच.

एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिल्यावर नुसतं कार्ड दाखवून परत जाता येत नाही. वाटणीचा खटला, घरातलं मोठं आजारपण, बांधकाम अशा कामासाठी लांब राहायचं हे आधी माहीत असेल तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाचा परवाना, काढा. फॉर्म आय-१३१, आणि तो भरताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. सगळं घोडं इथेच अडतं. लोक आधी बेळगावला येतात, सहा महिने जातात, मग मुलाला फोन करतात, 'तेवढा फॉर्म भरून टाक.' तो तसा भरता येत नाही. फॉर्मनंतर बोटांच्या ठशांसाठी बोलावणं येतं, त्यालाही तिथेच जावं लागतं. म्हणून परतीचं तिकीट ठसे झाल्यावरच काढा. परमिट हातात पडायला मात्र थांबायची गरज नाही. ते भारतातल्या अमेरिकी वकिलातीत पाठवा असं फॉर्ममध्येच लिहिता येतं.

परमिट साधारणपणे दोन वर्षांचं असतं आणि त्याची मुदत वाढत नाही. नवं हवं तर पुन्हा तिथे जाऊन अर्ज. कार्ड मिळाल्यापासूनच्या गेल्या पाच वर्षांत चारहून जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर सहसा एकाच वर्षाचं मिळतं. आणि नागरिकत्वाच्या हिशोबात परमिटचा उपयोग शून्य. सहा महिन्यांपेक्षा लांब गैरहजेरीने सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. वर्षाच्या आत परतला असाल तर पुराव्याने ते खोडता येतं, वर्ष उलटल्यावर सहसा तुटतंच.

पुराव्यांत सगळ्यात वजनदार कागद म्हणजे टॅक्स रिटर्न. कार्डधारकाने रहिवाशाचा फॉर्म १०४० भरायचा. थोडा कर वाचावा म्हणून अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरला, तर 'मी अमेरिकेत राहत नाही' असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. आपल्याकडची गफलत उसाच्या बिलात होते. शेतीचं उत्पन्न भारतात आयकरमुक्त, पण अमेरिकेला जगभरातलं उत्पन्न सांगावं लागतं, त्यात उसाचं बिल, घरभाडं, पेन्शन, एफडीचं व्याज सगळं आलं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हा परदेशी खात्यांचा वेगळा अहवाल भरायचा. बँकेसारखी सहकारी पतसोसायटीतली ठेवही त्यात धरा; आपल्या भागात निम्मी पुंजी तिथेच असते आणि नेमकी तीच विसरली जाते.

बाकी पुरावे साधेच: तिथलं चालू बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, विमा, मुलाच्या घरच्या पत्त्यावर येणारी पत्रं. मुलाने घर बदललं तर तुमचाही नवा पत्ता दहा दिवसांत एआर-११ या फॉर्मवर कळवायचा. इथे का थांबावं लागलं त्याचेही कागद जपा. पहाणी उतारा, कोर्टाचे कागद कन्नडमध्ये असतील तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याची सही: भाषांतर पूर्ण व बिनचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकार शोधत हिंडायची गरज नाही.

परमिट नसताना वर्ष उलटलं तर वकिलातीत एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या कार्डधारकाचा, व्हिसा मागता येतो, फॉर्म डीएस-११७. थांबणं तुमच्या हाताबाहेरचं होतं हे दाखवावं लागतं. अपघात, ऑपरेशन, डॉक्टरांनी प्रवास मना करणं याला अर्थ आहे. 'नातीचं लग्न ठरलं, मग पाऊस लागला' याला नाही.

विमानतळावर अधिकाऱ्याने आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर घाबरून सही करू नका. कार्ड सोडत असल्याची ती कबुली असते. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागायचा हक्क आहे, आणि तिथे तुम्ही अमेरिकेतलं वास्तव्य सोडलंय हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते.

मात्र ज्यांना तिथे राहायचंच नाही, थंडी सोसवत नाही, त्यांनी तोच फॉर्म घरी बसून विचाराने भरावा आणि नातवंडांना भेटायला पर्यटक व्हिसा मागावा. ओढूनताणून कार्ड टिकवण्यापेक्षा हे मला सरळ वाटतं. व्हिसा मिळेलच अशी हमी नाही, पण आपणहून कार्ड परत केल्याचा कागद मुलाखतीत उपयोगी पडतो. फक्त त्याआधी वर्षं मोजा: गेल्या पंधरांपैकी आठ कर-वर्षांत कार्ड असेल, मग एखाद्या वर्षात एकच दिवस का असेना, तर सोडताना फॉर्म ८८५४ भरावा लागतो आणि मालमत्ता मोठी असेल तर निर्गमन कर लागू शकतो. बेळगावातल्या प्लॉटची किंमतही त्यात धरली जाते.