पुस्तकांचं दुकान, आपल्याच पत्त्यावर

साताऱ्यात आमचं मराठी पुस्तकांचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. ऑनलाइन विकायचं ठरलं तेव्हा जो तो एकच सांगायचा, मोठ्या मार्केटप्लेसवर खातं उघड म्हणजे झालं. मी आधी हिशेब मांडला. २०० रुपयांच्या पुस्तकावर प्रकाशकाकडून ३३ टक्के सूट मिळाली तर हातात ६६ रुपये राहतात. त्यातून मार्केटप्लेसचं कमिशन, दर ऑर्डरमागची ठरावीक फी, टपालखर्च आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. छापील पुस्तकं जीएसटीमुक्त असल्यामुळे आम्ही भरलेला तो कर वळता करून घेण्याचीही सोय नाही. हजार-दीड हजारांच्या संचाला हे सगळं पेलतं. ८० पानी कवितासंग्रहाला पेलत नाही, आणि आमच्याकडे कवितासंग्रहच जास्त.

पैशांपेक्षाही मला खुपलं ते वेगळंच. तिथे पुस्तक चढवायला सहसा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. मराठीत जुनी, स्वखर्चाने काढलेली, गावच्या छापखान्यात छापलेली कितीतरी चांगली पुस्तकं त्या क्रमांकाविना जन्मली आहेत. शिवाय गिऱ्हाईक त्यांचं, आपलं नाही. ज्याने आज ग्रामीण कथा घेतली त्याला पुढच्या महिन्यात तशाच पुस्तकाबद्दल कळवायचं, तर त्याचा फोन नंबर आपल्याकडे नसतो. दुकानात मात्र सासऱ्यांची एक नोंदवही होती: कुणाला काय हवं होतं, मिळालं की कळवायचं. आमचा अर्धा धंदा त्या वहीवर चालला. ती वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला मी तयार नव्हते.

कागदपत्रांचं काम वाटलं होतं त्याच्या निम्म्यात झालं. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून मी सुंदर कापडी पिशव्या आणि बुकमार्क विकायचा मोह टाळला. त्यांच्यावर कर आहे, आणि करपात्र माल परराज्यात विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही कमी असली तरी सहसा नोंदणी करावीच लागते. एका बुकमार्कापायी रिटर्न कोण भरत बसणार? बुकमार्क आम्ही फुकट देतो. शॉप अ‍ॅक्टचंही सोपं झालंय. २०१७ च्या नव्या कायद्यानुसार कामगार थोडेच असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी पानं शोधात सर्वांत वर येतात, तेवढी ओलांडून खाली जायचं. या दोन कागदांवर बँकेत चालू खातं निघालं.

साइट बांधायला वर्डप्रेस आणि त्यावर दुकान मांडायला वूकॉमर्स घेतलं. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, म्हणजे उद्या होस्टिंगवाल्याशी, ज्याच्या सर्व्हरवर साइट राहते त्याच्याशी, पटलं नाही तर सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाता येतं. महिन्याच्या भाड्यावर मिळणारी तयार दुकानंही पाहिली. दिसायला ती देखणी, मांडायलाही सोपी. पण भाडं थांबलं की शटर खाली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. साइट करून देणारा भाचा म्हणाला, ‘मामी, माझ्या खात्यातूनच घेतो, सोपं पडेल.’ त्याला चहा दिला आणि खातं माझंच उघडायला लावलं. नात्यात हे आधीच बोललेलं बरं.

मोठ्या मार्केटप्लेसपासून सुटका म्हणजे कुणावरच अवलंबून नाही, असा माझा भ्रम नाही. डोमेनवाला आहे, होस्टिंगवाला आहे, पैसे गोळा करणारं गेटवे आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी काही लहान नाही. फरक इतकाच की यातला कुणीही एक बदलला तरी दुकानाचा पत्ता, माल आणि वही माझ्याकडेच राहते. कोणतीही सेवा घेताना मी एवढंच विचारते: सोडायची झाली तर माझी माहिती कुठल्या स्वरूपात देणार?

पेमेंट गेटवेने आधी साइटवर परताव्याचे नियम, पाठवणीचे नियम, गोपनीयता धोरण आणि संपर्काचं पान मागितलं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहेत. त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. तेव्हा दुकानाची मालक, हमाल आणि तक्रार निवारण अधिकारी मीच. गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतं, म्हणजे २०० रुपयांमागे पावणेपाच रुपयांच्या आत-बाहेर. जोडीला बँकेचा यूपीआय क्यूआरही ठेवला, त्यावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, नाही. मात्र ‘पैसे पाठवले’ हा स्क्रीनशॉट मी पुरावा धरत नाही. खात्यात जमा दिसल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही.

खरा जीव गेला तो यादीत. मराठी पुस्तकांची यादी करणं म्हणजे लेखकांच्या आद्याक्षरांशी कुस्ती. कुणी टिंब देतो, कुणी देत नाही, कुणी टिंबानंतर जागा सोडतो, कुणी सगळं चिकटवतो. माणसाला ते एकच नाव वाटतं, साइटच्या शोधाला चार वेगळे लेखक दिसतात. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतला अर्धा र. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा कीबोर्ड एका तऱ्हेने लिहितो, माझी यादी दुसऱ्या, आणि पुस्तक फळीवर असताना साइट म्हणते, सापडलं नाही. अ‍ॅ या अक्षराचंही तेच. शेवटी प्रत्येक पुस्तकाला पडद्यामागे न दिसणारा एक रकाना दिला. त्यात नावाची सगळी रूपं, ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका आणि रोमन लिपीतलं नाव. बरेच मराठी वाचक शोधताना रोमनच टाइप करतात, हे मला साइटच्या शोध-नोंदी पाहून कळलं. त्या नोंदी रोज वाचते. लोक काय मागतात आणि त्यांना काय मिळत नाही, ते तिथे उघडं पडतं.

पुस्तकाची माहिती मलपृष्ठावरून उतरवायची नाही, असं ठरवलं. दोन-चार ओळी का होईना, स्वतः वाचून लिहायच्या. गूगलला तोच मजकूर दहा ठिकाणी दिसतो तिथे आपण खालीच राहतो, हा एक भाग. पण दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ‘आठवीतल्या मुलीला चालेल का?’ त्याचं उत्तर मलपृष्ठावर नसतं.

पाठवणीत पोस्टाने मोठा आधार दिला. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं: ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. पार्सल रस्त्याने जातं, वेळ लागतो, पण माग काढता येतो. शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी ही सोय आहे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आत जाहिराती नकोत, आणि नियतकालिकं चालत नाहीत. म्हणजे दिवाळी अंक बाद, नेमका ज्याच्यावर आमचा ऑक्टोबर चालतो तोच माल. अंकांना स्पीड पोस्ट नाहीतर कुरिअर. कुरिअरचे दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात. म्हणून प्रत्येक पुस्तक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून वजन यादीत भरलं, आणि खोक्यासकट ४८० ग्रॅम होत असेल तर त्यात आणखी काही कोंबायचं नाही, हे मदतीला येणाऱ्या पोरीला पाठ करून दिलं.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली नाही. जुने वाचक ‘व्हीपीने पाठवा’ म्हणतात, म्हणजे पार्सल हातात घेताना पोस्टमनला पैसे; त्यांची सवय समजते. पण परत आलेल्या पार्सलचा दोन्हीकडचा खर्च ६६ रुपयांत बसत नाही. अशांशी मी फोनवर बोलते. नातवाकडून क्यूआर स्कॅन होतो, नाहीतर शेजारचा कुणी पैसे भरतो. परदेशातल्या ऑर्डरींचं गणितही लोकांनी आपणच सोडवलंय. पैसे कॅलिफोर्नियातून येतात, पुस्तक चिंचवडला आईकडे जातं आणि पुढे कुणाच्यातरी बॅगेतून विमानाने.

पहिल्या ऑर्डरी जाहिरातीतून आल्याच नाहीत. वहीतल्या लोकांना एकेक करून विचारलं, नवीन पुस्तकांची खबर पाठवू का? हो म्हणाले त्यांचीच यादी केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलवर नंबरासोबत ‘सेव्ह करा’ असं मराठीत ठळक छापलं. ईमेल कमी लोक वाचतात, पण जे वाचतात ते मोठ्या ऑर्डरी देतात. ग्रंथपाल, शिक्षक, बक्षीस समारंभवाले.

विक्री मार्केटप्लेसवर गेलो असतो तितकी नाही, हे उघड आहे. तिथली गर्दी इथे नाही. रात्री झोपेत ऑर्डरी पडतायत असंही होत नाही. फोनवरच्या ऑर्डरीसुद्धा मी साइटवरच नोंदवते, नाहीतर काउंटरवर विकलेली शेवटची प्रत साइटवर दिवसभर शिल्लक दिसत राहते. म्हणून एकच प्रत उरली की साइटवर ‘मागणी नोंदवा’ असं बटण येतं. नव्या काळातली वही ती हीच. त्या बटणावर एका जुन्या प्रवासवर्णनाची मागणी साचत गेली, तशी मी यादी प्रकाशकांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला, ‘पुनर्मुद्रण काढलं तर तुम्ही किती प्रती उचलाल?’ मी म्हटलं, रोखीने घेते, पण सूट ४० टक्के लागेल. ते सध्या ३५ वर अडून बसलेत.